काळा घोडा महोत्सवात व्हीगन कसं जेवावं

प्रश्न असा आहे: मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला दोन दिवस, दुपारपासून रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमापर्यंत थांबायचं आहे. दूध, दही, तूप, मध, अंडं काहीच खात नाही. स्टॉलवर पोटभर काय मिळेल आणि फसगत कुठे होईल?

पोटभर मिळेल. मुंबईच्या रस्त्यावरचं निम्मं खाणं मुळात व्हीगनच आहे, फक्त कुणी त्याला तसं म्हणत नाही. बटाटेवडा, मिसळ, भेळ, पाणीपुरी, इडली, मेदूवडा, पुरीभाजी, भाकरी-ठेचा यांच्या मूळ कृतीत दुधाचा थेंब नाही. अडचण येते ती शेवटच्या हाताने: तव्यावर फिरवलेलं बटर, वरून किसलेलं चीज, पावाला लावलेला मस्का, चटणीत मिसळलेलं दही. म्हणून पदार्थाचं नाव बघून ठरवू नका, तो कशावर आणि कशाने पुरा होतो ते बघा. उकडलेलं आणि तळलेलं बहुतेक वेळा चालतं. तव्यावरचं विचारल्याशिवाय घेऊ नका. तंदूरमधलं आणि पांढऱ्या ग्रेव्हीचं टाळलेलं बरं.

महोत्सव 1999 पासून भरतो, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस चालतो, आणि खाण्याचे स्टॉल दर वर्षी बदलतात. त्यामुळे स्टॉलची नावं पाठ करण्यात अर्थ नाही. पदार्थ ओळखता आले की कुठल्याही वर्षी निभतं.

आधी बोलायचं काय ते. ‘व्हीगन आहे का?’ हा प्रश्न स्टॉलवर निरुपयोगी आहे. समोरचा तो ‘व्हेज आहे का?’ असाच ऐकतो आणि मनापासून ‘हो’ म्हणतो. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीचा इथे उपयोग नाही, पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचाही नाही, कारण आपल्याकडे दूध आणि मध शाकाहारातच मोडतात. ‘जैन’ लिहिलेल्या पदार्थात कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण दही, तूप, चीज खुशाल असतं, आणि कांदा-लसणाची चव भरून काढायला बटर थोडं जास्तच पडतं. तेव्हा जिन्नसांची नावं घ्या: ‘दूध, दही, तूप, बटर, चीज, मलई नको. तेल चालेल.’ हिंदी बोलणारा असेल तर ‘दूध, दही, घी, मक्खन, चीज, मलाई नहीं, तेल चलेगा.’ शेवटचे दोन शब्द कधीही गाळू नका. ते नसले तर समोरच्याला वाटतं की हा माणूस पथ्यावर आहे, आणि कोरडा, बेचव पदार्थ हातात येतो.

हे वाक्य पैसे घेणाऱ्याला सांगून भागत नाही. तो चिठ्ठी फाडतो, तव्यावरच्या माणसाला फक्त ‘एक मसाला’ एवढंच ऐकू जातं, आणि त्याचा हात सवयीने बटरकडे जातो. त्याची यात चूक नाही, तासाला शंभर प्लेटी काढणारा हात असाच चालतो. चिठ्ठी घ्या, तव्यासमोर जा आणि तुमचं पीठ किंवा पाव तव्यावर पडायच्या क्षणी पुन्हा एकदा सांगा: ‘माझ्यात बटर नको, तेलावर.’

‘तूप आहे’ असं उत्तर आलं तर लगेच मागे फिरू नका. ‘साजूक की वनस्पती?’ असं विचारा. मोठ्या कढईत बरेचदा वनस्पती तूप असतं. ते प्रक्रियेने घट्ट केलेलं तेल, त्यात दूध नाही. तब्येतीला ते चांगलं नाही हा भाग वेगळा, पण नियम मोडत नाही. उलट ‘बटर नाही, मार्गरीन आहे’ असं सांगितलं तर डबा बघायला मागा, काही मार्गरीनमध्ये दुधाचे घन पदार्थ असतात.

आता पदार्थांकडे. वडापाव सगळ्यात सोपा. वड्याचं आवरण म्हणजे बेसन, पाणी, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. आतल्या भाजीला तेलाची फोडणी. लसणाची सुकी चटणी खोबरं, लसूण, तिखट यांची. प्रश्न पावाचा आहे. साध्या लादी पावात मैदा, यीस्ट, मीठ, थोडी साखर आणि तेल एवढंच असतं, पण काही बेकऱ्या पिठात दूध पावडर घालतात किंवा वरून चमक यावी म्हणून दुधाचा हात फिरवतात. फरक बोटाला कळतो: साधा पाव कोरडा, किंचित चिवट, बेचव. दुधाचा पाव मऊ, गोडसर, वरून तकतकीत. खात्री हवी असेल तर विक्रेत्याला बेकरी विचारा किंवा पावाची पिशवी बघा. ब्रून पाव त्याहून साधा असतो, पीठ-पाणी-यीस्ट-मीठ, मिळाला तर तोच घ्या, फक्त मस्का न लावता. बर्गरचा बन मात्र दुधाचा धरूनच चाला. बटर लावून तव्यावर भाजलेला वडापाव हल्ली महोत्सवांत हमखास दिसतो, तिथे ‘पाव कच्चाच द्या’ एवढं पुरतं. दाबेलीचंही तेच. आतलं सारण चालतं, पाव बटरमध्ये भाजला जातो. पाव न भाजता मागितली की झालं.

मिसळ हे अशा दिवसाचं खरं जेवण आहे. मटकी किंवा वाटाण्याची उसळ, कट, फरसाण, कांदा, लिंबू. डाळीचं बळ त्यात असल्यामुळे चार तास उभं राहता येतं. ‘दही वेगळं की वरून?’ एवढं विचारा, काही ठिकाणी न विचारता चमचाभर वर पडतं. भेळ आणि शेवपुरी चालतात, पण त्यांनी पोट भरत नाही. तासाभरात पुन्हा भूक लागते आणि घाईत चुकीचं काहीतरी घेतलं जातं. चाटमध्ये भूक भागवायची तर रगडा पॅटिस घ्या: पांढरे वाटाणे आणि बटाटा. पॅटिस तेलावर भाजलंय का ते बघा. चिंच-खजुराची गोड चटणी गूळ-साखरेची असते, ती निर्धास्त घ्या.

मुंबईच्या सँडविचवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे ‘बटर नको’ म्हणणारे सगळेच ओला लगदा खातात. सँडविचवाला आधी ब्रेडला बटर लावतो ते फक्त चवीसाठी नाही. त्या थरामुळे हिरव्या चटणीचं, टोमॅटोचं आणि काकडीचं पाणी ब्रेडमध्ये झिरपत नाही. बटर काढलं की चटणी थेट ब्रेडला लागते आणि पाच मिनिटांत सगळं फाटतं. उपाय सांगून करून घ्या: दोन्ही ब्रेडच्या आतल्या बाजूला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यानंतर बीट, काकडी, कांदा, आणि चटणी व टोमॅटो मधोमध. बटाटा तेच काम करतो जे बटर करत होतं. टोस्ट हवं असेल तर साच्याच्या बाहेरून तेलाचा हात लावायला सांगा. कोरडा ठेवला तर ब्रेड साच्याला चिकटतो आणि विक्रेता पुन्हा बटरचा ब्रश उचलतो. हिरव्या चटणीत दही आहे का, तेही एकदा विचारा. सँडविचवाल्याकडे सहसा नसतं, कबाब आणि टिक्क्याच्या स्टॉलवरच्या फिकट हिरव्या चटणीत जवळजवळ नेहमी असतं.

पावभाजी सोडून द्या. भाजी मुळात तेल-पाण्यात शिजलेले बटाटे, वाटाणे, टोमॅटो, सिमला मिरची यांची, पण मोठ्या तव्यावर सकाळी बसवलेल्या ढिगात बटर आधीच मिसळलेलं असतं. ‘माझ्या प्लेटमध्ये बटर नको’ म्हटल्यावर फक्त वरचा तुकडा वाचतो. संध्याकाळच्या गर्दीत तुमच्यासाठी वेगळी भाजी कुणी करू शकत नाही, ती अपेक्षाही ठेवू नका. तवा पुलाव त्याच तव्यावर होतो, तोही सोडा.

डोशाचं पीठ तांदूळ-उडदाचं, तिथे काळजी नाही. मुंबईत मैसूर मसाला डोसा म्हणजे जवळपास बटरमध्येच केलेला. साधा किंवा मसाला डोसा तेलावर करून मागा. तवा दोन डोशांमध्ये पाणी शिंपडून पुसतात, तरी आधीच्या बटरचा अंश राहतो. ते चालतं की नाही हे तुम्ही स्वतः आधी ठरवा, दर स्टॉलवर नव्याने विचार करत बसू नका. नाहीतर इडली आणि मेदूवडा घ्या. रवा इडलीत दही असतं. नारळाच्या चटणीकडे लक्ष द्या: नारळ महाग म्हणून काही जण ती दह्याने वाढवतात. ती पातळ, फार पांढरी आणि आंबट लागली तर सोडा, सांबारावर भागवा. उपम्यात तूप असू शकतं. डाळ-मिरचीची पूड लावलेल्या पोडी इडलीत बरेचदा असतं.

मराठी पदार्थांचा स्टॉल असला तर तिथे आधी जा, आणि तिथेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारा, कारण घरगुती चव द्यायची म्हणून तूप आणि लोणी अशा स्टॉलवर सढळ असतं. थालीपीठ भाजणीचं, तेलावर लावलेलं, पण वर लोण्याचा गोळा येतो. लोण्याऐवजी ठेचा मागा. पिठलं दोन प्रकारचं: पाण्यातलं आणि ताकातलं. विचारलं की खरं सांगतात. ज्वारी-बाजरीची भाकरी निव्वळ पीठ-पाण्याची, ती डोळे मिटून घ्या. वांग्याचं खानदेशी भरीत कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे आणि तेलाचं असतं, इतरत्र मात्र दह्यातलं भरीत मिळतं. अळूवडी चालते, तिच्यात बेसन, चिंच आणि गूळ असतो. कोथिंबीर वडीत क्वचित कुणी दही घालतं. उपासाचा फलक बघून फसू नका: साबुदाण्याची खिचडी बहुधा साजूक तुपातली असते. साबुदाणा वडा तळलेला, तो चालतो, सोबतची दह्याची चटणी बाजूला ठेवा. सोलकढी आमसूल आणि नारळाच्या दुधाची, म्हणजे आपल्या कामाची, पण काही ठिकाणी नारळ वाचवायला तिच्यात ताक घालतात. नारळाची सोलकढी घशाला गोडसर, स्निग्ध लागते, ताकाची नुसती आंबट.

नव्या धाटणीच्या स्टॉलवर जिथे ‘व्हीगन’ पाटी असेल तिथेही कोणता पदार्थ, हे विचारा. बरेचदा एकच असतो आणि बदली आलेल्या मुलाला तो माहीत नसतो. टोफू आहे पण परतलाय बटरमध्ये, असंही होतं. ‘एगलेस मेयोनीज’ म्हणजे फक्त अंडं नाही. त्यात दूध पावडर असू शकते. फ्राइजवर भुरभुरलेल्या चीजच्या मसाल्यात दुधाचे घन पदार्थ असतात, पेरी-पेरीत असू शकतात, साधं मीठ-तिखट मागा. ‘नॉन-डेअरी’ क्रीमच्या पाकिटावर केसिनेट लिहिलेलं असेल तर ते दुधाचंच प्रथिन आहे. पिझ्झाचा पेस्टो चीज घालून करतात. फलाफल चालतं, पण त्यावरचा पांढरा सॉस दह्याचा नाही ना, हे बघा. तीळ-लिंबाचा ताहिनी असेल तर घ्या. वाफवलेला भाजीचा मोमो चालतो, सोबतचं मेयो नको. हक्का नूडल्स अंड्याच्या नाहीत ना, हे पाकीट बघून कळतं. थाई करीत कोळंबीची पेस्ट, चायनीजमध्ये ऑयस्टर सॉस. फ्रँकीच्या पोळीला तव्यावर अंडं लावायची मुंबईची जुनी पद्धत आहे, आणि व्हेज फ्रँकी त्याच तव्यावर होते. नान आणि भटुऱ्यात दही. तंदुरी रोटी कणीक-पाण्याची, ‘वरून बटर न लावता’ सांगितलं तर चालते. बिर्याणीत दही आणि तूप दोन्ही.

बंद पाकीट घेताना मागची बाजू वाचा. जिन्नसांच्या यादीखाली अॅलर्जीची ओळ असते, तिथे ‘मिल्क’ आहे का एवढं पाहिलं तरी पुष्कळ काम होतं. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम 2022 मध्ये आले, त्यांचं ‘व्ही’ अक्षराचं हिरवं बोधचिन्ह काही पाकिटांवर दिसतं. नसलं तरी पदार्थ व्हीगन असू शकतो, यादी वाचूनच ठरवा.

गोडाचं थोडक्यात. जिलबीचं पीठ बरेचदा दह्याने आंबवतात, तळण तुपाचं असू शकतं. सोडा. हे दिवस संक्रांतीनंतरचे, त्यामुळे तिळगूळ आणि चिक्की बघायला मिळते. दोन्हींच्या पाकात किंवा ताटाला तुपाचा हात असतो, विचारूनच घ्या. गुळपोळी भाजायला आणि वाढायला तूप. खात्रीचं गोड म्हणजे फळ: तिखट-मीठ लावलेला पेरू, बोरं, आणि या हंगामातल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, क्रीमशिवाय. बर्फाचा गोळा मलईशिवाय चालतो. कणीस भाजलेलं घ्या, लिंबू-मीठ-तिखट लावून. वाटीतले उकडलेले दाणे बटरमध्येच घोळतात.

प्यायला उसाचा रस, शहाळं, कोकम सरबत, लिंबू सरबत. पियूष आणि मसाला ताक अर्थातच नाही. यंत्रातल्या चहा-कॉफीच्या पूडमध्ये दूध पावडर आधीच मिसळलेली असते, तिथे ‘दूध नको’ म्हणून उपयोग नाही. काळी कॉफी किंवा लेमन टी मागा. कॅफेत सोया, बदाम किंवा ओटचं दूध मिळालं तर वाफेची नळी पुसून घ्यायला सांगा, आधीच्या दुधाचा थर तिला असतो.

दिवस कसा लावायचा हे पदार्थांइतकंच महत्त्वाचं आहे. स्टॉल उघडल्यानंतरचा पहिला तास तुमचा: तवा स्वच्छ, तेल ताजं, माणूस निवांत, प्रश्नांना उत्तर मिळतं. संध्याकाळी सातनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, रॅम्पार्ट रो या महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर चालायला जागा नसते आणि तेव्हा कुणाच्याही तव्यावर वेगळी सूचना टिकत नाही. म्हणून मोठं जेवण दुपारी बारा-साडेबारापर्यंत बाहेर करून या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून काळा घोडा पायी पंधरा-वीस मिनिटं, चर्चगेटहूनही साधारण तेवढंच. टर्मिनसच्या आसपास पुरीभाजी आणि वडापावची जुनी ठिकाणं आहेत, फोर्टात उडुपी हॉटेलं. उडुपीत थाळी घेतली तर ‘दही, ताक, गोड नको, पोळीला तूप नको’ असं सांगा. वरणाला फोडणी कशाची, तेवढं एक विचारायचं. दुसरं खाणं संध्याकाळी साडेपाच-सहाला, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी: मिसळ किंवा इडली-वडा. रात्री उशिरा उरतं ते तळलेलं आणि चाट, तेवढ्यावर निभवायचं नसेल तर सोबत डबा ठेवा.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम. दोन वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, ओवा, तीळ, मीठ. पाणी बेताने घालून घट्ट भिजवा, वीस मिनिटं झाका, मध्यम आचेवर तळा. साधारण पंचवीस पुऱ्या होतात, दोन माणसांना एका दिवसाला पुरतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका, आतल्या वाफेने त्या दुपारपर्यंत ओशट आणि मऊ होतात. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. दशमी प्रवासाची म्हणून करू नका, ती दुधात भिजवतात. विकतच्या ठेपल्यात बहुधा दही असतं. शिवाय माणशी मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि चार-पाच खजूर खिशात असावेत. रांगेत उभं असताना भूक लागली की निर्णय बिघडतात.

हाच हिशेब इतर शहरांत थोडा बदलतो. पुण्यात डिसेंबरात होणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात बैठक लांब आणि थंडी असते. तिथे भर वडे, मिसळ, थालीपीठ यांच्यावर असतो, अडचण येते ती गरम पेयाची, कारण बहुतेक सगळं दुधाचं. थर्मासमध्ये गवती चहा-आल्याचा काढा घरून न्यावा. पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या दिवसांत सकाळी गावात भाजी-पाव खाऊन निघा: पातळ भाजी, अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची उसळ), सोबत पोई किंवा उंडो हे तिथले पाव. भाज्या नारळ घालून तेलात केलेल्या. फक्त तिथले गोड ‘बन्स’ सोडा, त्यांच्या पिठात केळ्याबरोबर दही असतं.

सांगूनही बटर पडलंच तर शांतपणे, लगेच सांगा आणि नवीन प्लेटचे पैसे द्यायची तयारी ठेवा. त्यामुळे त्याचं नुकसान होत नाही, ओळख होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुम्हाला बघून आधी तवा पुसतो. काम व्हावं म्हणून ‘अॅलर्जी आहे’ असं खोटं सांगू नका. खरी अॅलर्जी असलेल्याचं म्हणणं मग कुणी गंभीरपणे घेत नाही. आणि ज्यांना दुधाची खरोखरच अॅलर्जी आहे, त्यांनी वरचं काहीही आधाराला धरू नये: एकच तवा, एकच झारा, एकच तळणीचं तेल असलेल्या स्टॉलवर त्यांच्यासाठी सुरक्षित असं फक्त सोललेलं फळ, शहाळं आणि घरचा डबा.